एरर बारच्या डोक्यावर आकडा

ऑफिसात एक्सेल वापरणारा माणूस नातेवाइकांच्या लेखी कम्प्युटर इंजिनिअरच असतो. त्यामुळे भाचीचा चार्ट यायच्या आधी ताईचा फोन आला, "दोन मिनिटांचं काम आहे रे, करून टाक." ताईने आयुष्यात एक्सेल उघडलेलं नाही हे इथे सांगून ठेवतो.

भाची एमएस्सी ॲग्री करतेय. निफाडकडच्या बागांमधली द्राक्षं, थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, रिफ्रॅक्टोमीटरवर रस टाकून ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, मोजलेलं, प्रत्येक वाणाच्या सरासरीचा एक खांब आणि त्यावर एरर बार, म्हणजे मोजमाप किती वरखाली होतं ते दाखवणारी उभी रेघ. सगळं झकास, फक्त गाईड सरांचा शेरा होता, एरर बारचा आकडा बारच्या वर लिहा.

आता एक्सेलमध्ये खांबाला लेबल लागतं, रेषेला लागतं, पाय चार्टच्या फोडीला लागतं. एरर बारचा रंग बदला, जाडी बदला, टोकाची टोपी उडवा, सगळं चालतं, पण लेबल? तो ऑप्शनच नाही. आणि तयार स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) निवडलं तर सगळ्या खांबांना एकाच मापाचे बार, कारण ते चार्टातल्या सरासऱ्यांवरूनच काढलं जातं, बागेत पोरीने उन्हात काय मोजलं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून कस्टममध्ये जाऊन अधिक आणि वजा दोन्हीला आपण काढलेल्या एसडीचा कॉलम द्यायचा.

मग खरा जुगाड. सरासरी अधिक एसडी असा नवीन कॉलम करायचा, तो चार्टात घालायचा, त्याचा टाइप लाइन करायचा आणि लगेच लाइन पण काढायची, मार्कर पण काढायचा, लेजंडमधून नाव पण उडवायचं, म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं धरायला उभा केलेला लांबचा चुलतभाऊ, काम सगळं त्याचं पण फोटोत कुठे नाही. मग त्याला डेटा लेबल, पोझिशन अबव्ह, 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स'ला टिक, एसडीचा कॉलम सिलेक्ट, आणि नुसत्या 'व्हॅल्यू'ची टिक आठवणीने काढायची, नाहीतर ०.७ च्या शेजारी १९.१ पण येऊन बसतं.

जमलं! ताईची दोन मिनिटं रात्री जेवणानंतर संपली. भाचीने फाईल सरांना पाठवली.

फक्त हे 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' २०१३ च्या एक्सेलपासून आलंय आणि सरांच्या केबिनमधला कम्प्युटर त्याच्याही आधीचा. जुन्या एक्सेलमध्ये आकड्याच्या जागी चौकटी कंसात नुसतं 'सेलरेंज' असं दिसतं. प्रत्येक बारवर.

दुपारी भाचीचा फोन, "मामा, सर विचारताहेत, थॉमसन माहितीये, सोनाका माहितीये, हे सेलरेंज कुठलं वाण?"