नाशिकच्या वायनरी पाहायला जाताना दोन दिवसांत दोनच ठेवा

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने नाशिकच्या शनिवार-रविवारचा बेत मला पाठवला. त्यात दोन दिवसांत पाच वायनरी होत्या. गंगापूर धरणाकडच्या सुला आणि यॉर्क, दिंडोरीची शाँदों, आणि परतताना इगतपुरी तालुक्यातील कावनईची व्हॅलोने व सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा. तिने मत विचारले म्हणून मी स्पष्टच सांगितले की यातल्या तीन खोडून टाक. तिला थोडे वाईट वाटले असावे, म्हणून माझी कारणे इथे सविस्तर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एकाच शनिवारी चार वायनरी केल्या होत्या. टेस्टिंगमध्ये साधारण पाच वाइन मिळतात आणि प्रत्येक वेळी पेल्यात सुमारे ३० मिली ओततात, म्हणजे एका ठिकाणी १५० मिली आणि चार ठिकाणी मिळून ६०० मिली, जवळजवळ एक अख्खी बाटली. तिसऱ्या ठिकाणी शिराझ ही रेड वाइन पुढे आली तेव्हा जांभळे खाऊन जीभ जड आणि तुरट व्हावी तशी अवस्था झाली होती, आणि समोरची वाइन चांगली की वाईट हे मला खरोखरच कळत नव्हते. चौथ्या ठिकाणी तर दौरा दहा मिनिटांत गुंडाळला गेला. टाक्यांच्या खोलीत आम्हाला आत नेलेदेखील नाही आणि रेड वाइन खोलीच्या उकाड्यात गरम झालेली मिळाली. पैसे आणि दिवस दोन्ही गेले, आणि आज त्या चौथ्या जागेची मला एकही चव आठवत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की एका दिवशी एकच वायनरी घ्यावी, आणि बेत पेल्याभोवती न आखता बागेभोवती आखावा. त्यासाठी जानेवारी ते मार्च हाच काळ धरावा. युरोपातील वेली थंडीत झोपतात आणि तिथली तोडणी साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल तशी झोपत नाही, म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधली खरड छाटणी पुढे घड लागणारी काडी तयार करण्यासाठी असते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोड्या बहाराची छाटणी फळासाठी, आणि ते फळ जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. पावसाळ्यात गेलात तर बाग हिरवीगार दिसेल, फोटोही सुंदर येतील, पण घड दिसणार नाहीत. फेब्रुवारीत पहाटेच्या गारव्यात कात्रीने घड तोडून क्रेट भरताना पाहिले, आणि नंतर आत स्टीलच्या टाक्यांजवळ आंबणाऱ्या रसाचा तो पिठासारखा, किंचित आंबूस वास घेतला, की मग पेल्यात काय आहे ते सांगावे लागत नाही.

या बाबतीत माझ्या सासूबाईंची आठवण सांगते. त्यांचे माहेर तासगावकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे. त्या वाइन घेत नाहीत, तरी आम्ही त्यांना आग्रहाने नेले. बागेत शिरताच त्यांनी एक घड तळहातावर धरला, वाटाण्याएवढे मणी पाहिले आणि माहिती देणाऱ्या मुलाला विचारले, “काय रे बाळा, याला जीए दिला नाही का?” खायच्या द्राक्षाला मणी फुगावा म्हणून जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे संजीवक, देतात, हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. तो मुलगा खुलला. वाइनच्या द्राक्षाला मणी लहानच हवा असतो, कारण रंग आणि बराचसा स्वाद सालीत असतो आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त येते, हे त्याने मणी चिरडून दाखवले. गर पांढरट होता आणि बोटांना रंग लागला तो सालीचा. मग त्याने त्यांच्या हातावर दोन मणी ठेवले. त्यांनी ते सालीसकट, बियांसकट चावले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या सोनाकापेक्षा गोड आहे.” सोनाका म्हणजे त्यांच्याकडची खायच्या द्राक्षांची जात. तो अर्धा तास माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण प्रवासातला सर्वांत मोलाचा होता, आणि चार वायनरींच्या घाईत तो कधीच मिळाला नसता.

आता व्यवहाराचे. सर्वांत आधी गाडी चालवणारा ठरवा, मग वायनरी. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि टेस्टिंगच्या पाच घोटांचा हिशेब मनाशी करत कसारा घाट उतरण्याचा विचार कोणी करू नये. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, पण मला भीती दंडाची नाही, घाटाची वाटते. स्थानिक चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवणे हा खर्च मी अनिवार्य मानते. दिशा एकच ठेवा. मुंबईहून येणाऱ्यांना इगतपुरीची बाजू वाटेवर पडते, तर पुण्याहून सिन्नरमार्गे येणाऱ्यांनी मुक्काम नाशिकला करून गंगापूरची बाजू घ्यावी. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, त्यामुळे त्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांनी तारीख नीट पाहावी. तसेच नाशिकची झणझणीत मिसळ टेस्टिंगच्या आधी खाऊ नका, दुसऱ्या दिवशी निघताना खा. तिखटाने बधिर झालेल्या जिभेला शेनिन ब्लां या व्हाइट वाइनचा नाजूक फळांचा स्वाद लागत नाही. तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे मागायला संकोच वाटू देऊ नका, चव घेणारे जाणकार तसेच करतात. विकत घेतलेल्या बाटल्या मात्र उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

मैत्रिणीने अखेर पाचांतल्या तीन खोडल्या आहेत. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार ठरला आहे, चालकाला सांगून झाले आहे, आणि तिने आता तिच्या आईलाही बरोबर घ्यायचे ठरवले आहे.