नाकातलं पाणी, पाठीतलं पाणी

दाजी घरी परत आले त्याला आता तीन महिने झाले. डिस्चार्जच्या रात्रीच लिहायला बसलो होतो, पण तेव्हा रागाच्या भरात भलतंच काहीतरी लिहिलं असतं. त्यातला बराचसा राग स्वतःवरचाच होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. वय 41, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही. पेठेच्या फुटबॉल टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणारा गडी. ‘दाजींना काय धाड भरलीया’ हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य, आणि त्याच वाक्यानं आम्हाला खाल्लं.

एका मंगळवारी दुपारी शिफ्टवरून आले ते ‘डोकं लई ठणकायलंय’ म्हणत. संध्याकाळी ताप, मग उलटी. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, व्हायरल आहे म्हणून घरी पाठवलं. पहाटे पाचला ताईचा फोन, ‘अरे, ह्ये कायबी बडबडायलेत. मला आई म्हणून हाक मारायलेत.’ मी गेलो, बघितलं आणि म्हणालो, ‘ताप डोक्यात गेलाय, पट्ट्या ठेव, तासभर बघूया.’ तो तास माझा. तो दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायची सोय नाही.

आयसीयूत डॉक्टरांनी उताणं झोपलेल्या दाजींची मान उचलून छातीकडं वाकवायला बघितली. मान वाकेचना, नुसते कण्हले. रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं, सोबत स्टेरॉइड. (सूज कमी राहावी, कान वाचावेत म्हणून ते पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबरच द्यायचं असतं, हे नंतर कळलं.) शुद्ध हरपत चालली होती म्हणून आधी सीटी स्कॅन झाला. मग डॉक्टर बाहेर आले, ‘मेंदूज्वर वाटतोय, मेनिंजायटिस. पाठीतलं पाणी काढून तपासायला लागेल. सही करा.’

आणि आमची कॉरिडॉरमध्ये ग्रामसभा भरली. आठ माणसं, नऊ मतं. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतोय.’ ‘आमच्या गावात एकजण असाच लुळा पडला.’ ‘मिरजेला हलवूया.’ ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्या तर पदर तोंडाला लावून बसल्या, ‘माझ्या पोराच्या मणक्याला सुई लावू देणार न्हाई.’ तीन तास गेले.

हे तीन तास का महाग पडतात ते सांगतो. एकदा अँटिबायोटिक सुरू झालं की काही तासांत त्या पाण्यातले जंतू लॅबमध्ये उगवेनासे होतात. मग कुठला जंतू, कुठलं औषध, सगळं अंदाजपंचे. आपल्याकडं तर टीबीचाही मेंदूज्वर होतो, त्याचा इलाज महिनोन्‌महिने चालतो. पाणी न बघता दोन्हींत फरक कसा करायचा?

बरं, ती सुई लागते कुठं? कमरेत, जिथं मज्जारज्जू वरच संपलेला असतो तिथं. खाली नुसते नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. आमच्या घरातल्या तीन पोरी सिझर झाल्या, तिन्हींना भूल देताना तिथंच सुई घातली. तेव्हा याच मावशी बाहेर बसून पेढ्यांचा हिशोब करत होत्या. आणि गावातला तो ‘लुळा पडलेला’ माणूस मुळात कशासाठी दवाखान्यात नेला होता, हे कुणी विचारत नाही. आजारानं पाय गेले, आळ सुईवर. ही तपासणी क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1891 साली सुरू केली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला, आपला कॉरिडॉर अजून तिथंच.

शेवटी ताईनंच सही केली. पाणी आलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. निरोगी माणसाचं नितळ असतं.

मग एक तरुण रेसिडेंट डॉक्टर ताईजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘एवढ्या धडधाकट माणसाला हे उगाच होत नाही. यांच्या नाकातून पाणी येतं का?’

‘येतंय की. दोन वर्षं झाली. सर्दीच आहे त्यांना.’

‘एकाच नाकपुडीतून?’

ताई गप्प. मग म्हणाली, ‘उजव्या. बूट घालायला वाकले की टपटप पडतंय.’

दोन वर्षांमागं ऊसतोडीच्या हंगामात रात्री दाजींची गाडी एका उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली होती. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, दाजींच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं. दोन्ही डोळे काळेनिळे झाले, चार दिवसांत घरी आले. पुढं नाक गळायला लागलं तर आम्ही फौंड्रीच्या धुळीवर ढकललं. वाफ घेतली, काढा झाला, नाकात मारायचा स्प्रे झाला. ‘घशात खारट लागतंय’ असं ते म्हणायचे, तर आम्ही चेष्टा करायचो.

ती सर्दी नव्हती. नाकाच्या छताचं हाड पापडासारखं पातळ असतं, ते तडकलं होतं आणि त्यावरचं मेंदूचं आवरण फाटलं होतं. गळत होतं ते मेंदूभोवतीचं पाणी. ज्या वाटेनं पाणी बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जातात. न्यूमोकोकस नावाचा जंतू कितीतरी निरोगी लोकांच्या नाकाघशात निवांत पडून असतो, त्याला फक्त दार उघडं मिळालं. दाजींच्या पाण्यात तोच सापडला.

म्हणजे बघा, पाठीतलं आणि नाकातलं पाणी एकच. शरीरात ते एकावेळी जेमतेम कपभर, 150 मिली असतं आणि दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवं तयार होतं. दोन वर्षं ते रुमालात टिपलं तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. डॉक्टरांनी दोन-चार चमचे मागितले तर सगळं घर आडवं.

मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून वाचत सुटलोय. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांना जंतूंमुळं झालेल्या मेंदूज्वराच्या 696 केसेसचा अभ्यास 2004 साली छापून आला. ताप, ताठ मान आणि भ्रम ही तिन्ही लक्षणं एकत्र फक्त 44 टक्के केसेसमध्ये होती. पण त्यांत डोकेदुखी धरली तर चारातली निदान दोन 95 टक्क्यांत होती. म्हणजे मान ताठ व्हायची वाट बघत बसू नका. ताप असलेला माणूस बरळायला लागला की गाडी काढा, मग तो पैलवान का असेना. आणि डोक्याला मार लागल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ गळत असेल, वाकल्यावर वाढत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना अपघाताची गोष्ट आठवणीनं सांगा. आम्ही स्प्रे लिहून घेतला तेव्हा ती सांगितलीच नव्हती.

दाजींचं नाकातूनच दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, भोक बुजवलं, न्यूमोकोकसची लसही दिली. डावा कान मात्र गेला. टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की शेजारचे आमच्या टीव्हीवर बातम्या ऐकतात. दाजींची कंबर दुखली की मावशी अजून म्हणतात, ‘त्या सुईनंच.’ मी वाद घालायचं सोडून दिलंय.

परवा दाजी बूट घालायला वाकले, तर ताई, भाचा आणि मावशी तिघंही हातातलं काम टाकून त्यांच्या नाकाकडं बघत थांबले. काही पडलं नाही. ‘काय सर्कस लावलीया,’ म्हणत दाजी गाडी काढायला गेले आणि मी हेल्मेट घेऊन त्यांच्या मागं.