दुर्बिणीने काढलेल्या कॅन्सरची मुळं आत राहतात का?

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या हा मेसेज फिरतोय: ‘जठराचा, आतड्याचा कॅन्सर दुर्बिणीने काढू देऊ नका. वरवर खरवडतात, मुळं आत राहतात. तुकडा काढला की पसरतो. पोट उघडणं हाच खरा इलाज.’ हे वाचून कुणी तपासणीच टाळली, तर गेलेली वेळ परत मिळत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘वरवर खरवडतात.’ अजिबात नाही. सुरुवातीचा कॅन्सर दुर्बिणीतून अस्तरासकट सोलून काढण्याची ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन) ही पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये घडली. जठरातल्या कॅन्सरच्या चट्ट्याभोवती, निरोगी अस्तरावर, आधी ठिपक्यांची खूण करतात. मग अस्तराखाली निळसर द्रव टोचतात, त्याने अस्तर खालच्या स्नायूपासून वर उचललं जातं. त्यानंतर विजेच्या बारीक सुरीने चट्टा चहूबाजूंनी कापून, खालून सोडवत अखंड काढतात. तो टाचण्यांनी ताणून बसवतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि पुढे त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात. कडा स्वच्छ आहेत का, कॅन्सर किती खोल गेलाय, रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरलाय का, हे त्या रिपोर्टात लिहून येतं.

‘मुळं राहतात.’ यातली खरी शंका लसिकाग्रंथींची (लिम्फ नोड्सची) आहे, कारण कॅन्सर पसरताना त्यांच्यात जाऊ शकतो आणि दुर्बिणीने त्या निघत नाहीत. याचं उत्तर शस्त्रक्रियेनेच दिलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या जठर-कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या ५,२६५ रुग्णांचा जपानी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कॅन्सर अस्तरापुरताच, पेशींची ठेवण बऱ्यापैकी टिकलेली आणि आकार ३ सेंटिमीटरच्या आत, असे त्यात १,२३० जण होते. त्यांच्यापैकी एकाच्याही ग्रंथींत कॅन्सर सापडला नाही. मग अशा माणसाचं जठर कशासाठी काढायचं? पूर्ण जठर गेलं की जन्मभर थोडं थोडं खावं लागतं, बी-१२ बाहेरून घ्यावं लागतं.

‘तुकडा काढला की पसरतो.’ दुर्बिणीतून तुकडा घेतल्याने जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर पसरत नाही, आणि तुकड्याशिवाय निदान पक्कं होत नाही. एक मात्र खरं: मोठ्या आतड्यातल्या चपट्या गाठीचे वारंवार तुकडे घेतले, तर तिथे व्रण धरतो आणि पुढे ती उचलणं अवघड जातं. तज्ज्ञ कधी कधी तुकडा नको म्हणतात ते यासाठी.

‘पोट उघडणं हाच इलाज.’ कॅन्सर खोल गेला असेल, तर होय. जठरात अस्तराखालच्या थरात तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल आढळला किंवा वाहिन्यांत शिरलेला दिसला, तर दुर्बिणीनंतरही डॉक्टर ऑपरेशनच सुचवतात. ईएसडीत रक्तस्रावाचा आणि भोक पडण्याचा धोका असतो. बहुतेक वेळा तो दुर्बिणीतूनच आटोक्यात येतो. शिवाय जठर जागेवरच राहतं, त्यामुळे नवा चट्टा उठू शकतो. जठराच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी आणि वर्षातून एकदा दुर्बीण चुकवायची नाही.

घरात कुणाला असं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना विचारा: खोली किती वाटते, एका तुकड्यात निघेल का, ईएसडी इथे नेहमी होते का. आणि काढल्यानंतरचा पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या.