'घरातलं दुःख गळ्यात मारू नका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लग्नाआधी सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मी एएस असणाऱ्यांना, म्हणजे सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या वाहकांना, रोग्यांच्या रांगेत बसवलं. तपासणीत मुलींचीच स्थळं मोडतात, मुलाचं रक्त कुणी मागत नाही. आणि शेवटी, 'घरातलं दुःख वाचकांच्या गळ्यात मारणं बंद करा, शास्त्र लिहा.'

आधी माझी चूक. 'चार मुलांपैकी एक' हे मी सैल लिहिलं होतं. आईवडील दोघंही एएस असले तर दर गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेलं रोगी, होण्याची शक्यता नव्याने २५ टक्के असते. एक मूल एसएस निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य! आमच्या घरी येऊन, आईने दिलेला चहा हातात घेऊन, हे तुम्ही तिच्यासमोर बोलला असतात का?

शास्त्र हवं ना, घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे दांडे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २०. हे मी कॉलेजात वाचलं. त्याच्या कितीतरी आधी, एसएस असलेला माझा धाकटा भाऊ वर्षाचा असताना त्याचे हातपाय सुजलेले मी पाहिले होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की तो मांडी धरून रात्रभर ओरडायचा. पांघरूण लागलं तरी ओरडायचा. आई तव्यावर फडकं गरम करून शेक देत राहायची. डोळे पिवळे म्हणून वर्गातली मुलं त्याच्या डब्याला हात लावत नसत आणि एका शिक्षकांनी वहीवर शेरा मारला होता, 'कामचुकार'. त्या वही धरणाऱ्या बोटांनाही दुखायचं. दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध फार उशिरा सुरू झालं. चोविसाव्या वर्षी छातीत दुखायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

याला तुम्ही गळ्यात मारणं म्हणता. मी याला माहिती म्हणते, आणि ती देत राहणार.

वाहकांना मी रोगी म्हटलेलं नाही, लेख नीट वाचा. मुलींच्या स्थळांबद्दल तर मला शिकवूच नका. मी स्वतः एएस आहे. दोन स्थळं माझीच मोडली आहेत, तरीही तपासणी करा असंच सांगते. त्यावर वेगळं लिहीन, आज नाही.

१ जुलै २०२३ ला केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तुम्ही स्वतःला तिशीतले आणि गडचिरोलीचे म्हणवता. तुमच्या तपासणीच्या कार्डावर काय लिहिलंय, एए (सिकलसेलचं जनुक नाही) की एएस, ते मात्र एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.