ज्युरीच्या आदल्या रात्री केस स्टडी कशी उरकावी

परवा आपल्या भागातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरीला, म्हणजे पोरांची डिझाइनं तपासायला, बसलोतो, प्रोजेक्ट बेळगावकडच्या खानापूरची भाजी मंडई. तिथनं आल्यापासनं डोकं तापलंय, म्हटलं बाकीच्या पोरापोरींचं पण जरा कल्याण करावं.

केस स्टडी, म्हणजे आधी बांधलेल्या तसल्याच इमारतीचा अभ्यास, कायम परदेशातली घ्या. मंडई म्हटलं की नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा मार्केट हॉल, २०१४ चा, एमव्हीआरडीव्ही या तिथल्या आर्किटेक्ट फर्मचा. घोड्याच्या नालेसारखी कमान, त्या कमानीतच २२८ फ्लॅट, खाली बाजार. सगळ्या ग्रुपनी तोच घेतलाता, फोटो पण तेच.

स्लाइडवर लिहिलेलंच वाचून दाखवा, ज्युरीला वाचता येत नाही.

लाइव्ह (जागेवर जाऊन करायची) केस स्टडी म्हणजे गेटसमोर सेल्फी. आत गेलं की वॉचमन ओरडतोय.

प्लॅनवर स्केल नको आणि उत्तर दिशा तर अजिबात नको. मी एकाला विचारलं, बाबा पाऊस कुठल्या बाजूनं येतोय? म्हणाला, "सर, वरनं." वरनं! अरे खानापूरला जून ते सप्टेंबर पश्चिमेकडनं आडवा झोडपतोय, छत्री उलटी होतीय, आणि तू पश्चिमेची अख्खी बाजू काचेची करालास, का तर रॉटरडॅमला दोन्ही टोकांना केबलवर ताणलेली काच आहे म्हणून? ते गाव ५२ अक्षांशावर, त्यांना थंडी-वारं अडवायचंय आणि उजेड आत घ्यायचाय. आपण १६ च्या पण खाली. एप्रिलात दुपारी त्या काचेमागं मेथीची जुडी ठेव, संध्याकाळी भाजी शिजवायचा गॅस वाचला की. बरं त्या हॉलच्या कमानीखाली दुकानदार पक्क्या गाळ्यात बसतोय, आपल्याकडची मावशी पोतं अंथरून खाली बसती, तिची जागा कुठं दाखवलास? तर म्हणे "इन्फॉर्मल झोन", आणि तो पार्किंगमधी.

इन्फरन्सला, म्हणजे अभ्यासातनं काय निघालं तिथं, "गुड लाइट अँड व्हेंटिलेशन" लिहा. गोठ्याला पण चालतंय.

बास झालं आता. लाज वाटत नाही काय रे? जांभ्याची भिंत, पडवी, उतरतं कौल, हे तुमच्या आजोळच्या घरातच आहे आणि त्याचा सेक्शन (उभा छेद) एकानं पण काढला नाही. टेप घ्या, पहाटे मंडईत जा. गाळा किती फुटाचा, टेम्पो रिव्हर्स कुठं घेतोय, सडका पाला कुठं टाकतात, गटार कुठं तुंबतंय, मोजा आणि काढा. रॉटरडॅम दाखवायचं तर दाखवा, पण तिथलं काय इथं चालत नाही ते पण सांगा. पुढच्या खेपेला परत तेच डाउनलोड केलेले फोटो आणलात तर शीट गुंडाळून हातात देईन, मग मार्कासाठी मागं मागं फिरू नका.