कुंडीचा सीटी स्कॅन

जमीन न उकरता मुळं बघायची म्हटलं की कोणीही भाळतो. माणसाचा सीटी स्कॅन होतो, मग ज्वारीच्या कुंडीचा का नाही? होतो की! फक्त माणूस ‘श्वास रोखा’ म्हटलं की रोखतो. कुंडीतलं पाणी स्कॅन चालू असतानाही निवांत झिरपत राहतं आणि चित्र फिसकटतं.

म्हणून आधी मातीची मनधरणी. वाळवायची, 2 मिमीच्या चाळणीतून काढायची, प्लास्टिकच्या कुंडीत थराथराने दाबून भरायची. एकदम ओतली की पोकळ्या राहतात आणि मुळं नेमकी तीच वाट धरतात. स्कॅनआधी भरपूर पाणी देऊन दोन दिवस निचरा होऊ द्यायचा. हवा असतो तो वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल. शेतकऱ्याला पेरणीसाठी, आम्हाला एक्स-रेसाठी. मूळ म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे ओल्या गच्च मातीत मूळ आणि पाणी, दोघांची करडी छटा एकच. वाफशाला मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, त्या काळ्या दिसतात, खनिजं पांढरट, आणि मधल्या करड्यात कुठेतरी आपलं मूळ. जास्त वाळवलं तर काळी माती तडकते.

मग हिशेब. 10 सेंमीची कुंडी, 2000 पिक्सेलचा डिटेक्टर: एक व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा, 50 मायक्रॉनचा. मूळ ओळखायला सलग दोन-तीन तरी लागतात, म्हणजे 0.1 मिमीहून बारीक मुळं गुल. मूलरोमांचा, म्हणजे मुळांवरच्या केसांसारख्या तंतूंचा, तर विषयच काढू नका. कुंडी लहान घ्यावी, तर मुळं तळाशी गोल गोल फिरतात. घ्या!

एक्स-रेच्या वाटेत तांब्याचा पातळ पत्रा लावायचा, नाहीतर कुंडीची कड उजळ आणि मध्य काळवंडलेला येतो. मग एकच थ्रेशोल्ड, म्हणजे ‘या छटेपासून त्या छटेपर्यंत मूळ’ अशी सीमा, सगळीकडे चालत नाही.

एवढं करून हाती येते 16 जीबीची फाइल, आणि तिच्यात शेणखतातल्या काड्या. त्याही नळीसारख्या, त्याही करड्या. लग्नाच्या पंगतीत बसलेला पाहुणा कुणाकडचा, हे जसं नातं विचारत विचारत काढतात, तसं एकेका कापातून माग काढत वर जायचं. खोडापर्यंत पोहोचला तर घरचा. काडी मध्येच तुटते. मूळही तुटतं म्हणा, व्हॉक्सेलपेक्षा बारीक झालं की.

आकडे खरे मानायचे, तर पडताळा हवा. तो कसा? कुंडी उपडी करायची, बारीक चाळणीवर माती धुवायची आणि मुळं मोजायची. ती बहुतेक वेळा स्कॅनपेक्षा जास्तच भरतात.