जेवणानंतरचे थंड पाणी आणि ‘गोठलेली चरबी’

जेवणानंतर थंड पाणी प्यायल्यास अन्नातील तेल-तूप गोठते, त्याचा थर आतड्याला चिकटतो आणि पुढे कर्करोग होतो, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरत आहे. तो निराधार आहे. जठरात गेलेले पाणी थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला येते, आणि तेवढ्या उष्णतेत साजूक तूपही पातळच असते. शिवाय स्निग्ध पदार्थांचे पचन मुख्यतः लहान आतड्यात होते; तेथे यकृतात तयार झालेले पित्त त्यांचे सूक्ष्म थेंब करते, स्वादुपिंडातील लायपेज हे पाचक विकर (एन्झाइम) त्या थेंबांचे विघटन करते आणि मगच ते शोषले जातात. थर साचायचा तरी कशावर? आतड्याच्या अस्तरातील बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात. थंड पाण्याने एखाद्याचे दात शिवशिवत असतील, तर ती तक्रार मात्र खरी आणि दंतवैद्याकडे नेण्याजोगी आहे.